धीर कुठून येतो?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या नागपूरच्या वर्तमानपत्रांची पानं मुलांच्या फोटोंनी भरून जातात. पेढा भरवणारे आईवडील, गळ्यात हार घातलेलं, थोडंसं लाजलेलं पोर, मागे शेजारपाजाऱ्यांची गर्दी. खालच्या मजकुरात जिद्द, चिकाटी आणि परिस्थितीवर मात हे शब्द हमखास असतात. मला ही पानं वाचायला मनापासून आवडतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी एखादं आडनाव ओळखीचं वाटतं, आपल्या वर्गात बसलेल्या कुणाची तरी ही मुलगी असेल असं वाटून जातं, आणि हातातला चहा थंड होतो.

त्याच दिवसांत आणखी एक वाक्य कानावर येतं. "पोरगं हुशार आहे हो, पण चिकाटीच नाही त्याच्यात." भाजीच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरांकडे नंबर लावून बसलं असताना. पालकसभेत तर मी हे वाक्य बत्तीस वर्षं ऐकलं. गंमत म्हणजे ते बोलण्याचा सूर "आमचा मुलगा डावखुरा आहे" असं सांगावं तसा असतो. म्हणजे चिकाटी ही जन्माला येताना घेऊन यायची वस्तू. आणली तर आणली, विसरली तर विसरली. आज मला याच समजुतीबद्दल लिहायचं आहे.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकते. शाळेत नुसत्या बुद्धीपेक्षा स्वभाव जास्त कामी येतो, हे मी वर्गात रोज पाहिलं आहे. मी मराठी आणि इतिहास शिकवायचे. एकदा ऐकलं की पाठ होणारी मुलं प्रत्येक तुकडीत दोन-चार असतातच. त्यांतली बरीच पुढे मागे पडली. आणि निबंधात चार ओळींपुढे न जाणारी, पण रोज त्या चारच्या पाच करणारी मुलं दहावीला चांगली निघाली. अमेरिकेतल्या अँजेला डकवर्थ आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००५ साली आठवीच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच दिसलं. वर्षाअखेरीच्या मार्कांचा अंदाज मुलाच्या बुद्ध्यांकापेक्षा त्याच्या स्वयंशिस्तीवरून जास्त चांगला बांधता आला. डकवर्थबाईंचं 'ग्रिट' हे पुस्तक २०१६ साली आलं आणि तो शब्द आपल्याकडच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांपर्यंत येऊन पोहोचला. तेव्हा चिकाटी हवी, धीर हवा, याबद्दल माझा काहीच वाद नाही.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हा धीर मुलात येतो कुठून?

जरा विचार करा, शाळा म्हणजे मुलाच्या दृष्टीने काय असते? आपण त्याला सांगतो की आज हे गिरव, उद्या तुला वाचता येईल. आज पाढे पाठ कर, पुढे गणित सोपं जाईल. आज खेळ सोडून बस, दहा वर्षांनी तुझं भलं होईल. म्हणजे मूल आज आपल्याला काही देतं, आणि त्याबदल्यात आपण त्याला फक्त शब्द देतो. दहा वर्षांच्या मुदतीची ही उधारी आहे! दुकानदार उधारी कुणाला देतो? ज्याने मागची फेडली त्याला. मुलंही तेच करतात. आपल्याला वाटतं त्यांना हिशेब कळत नाही. त्यांना तो फार चांगला कळतो.

या संदर्भात एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. त्याचा पहिला अर्धा भाग तुम्ही ऐकला असेल, कारण पालकांच्या व्याख्यानांमध्ये तो नेहमी सांगितला जातो. दुसरा अर्धा मात्र क्वचितच कोणी सांगतं.

पहिला भाग असा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून काही प्रयोग केले. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर एक गोड खाऊ ठेवायचा, मार्शमेलो नावाची पांढरी मऊ गोळी किंवा तसंच काही. त्याला सांगायचं, "मी बाहेर जाऊन येते. येईपर्यंत हे खाल्लं नाहीस तर आणखी एक देईन." काही मुलांनी लगेच खाल्लं, काही थांबली. वर्षांनंतर त्या मुलांची माहिती गोळा केली, तेव्हा जास्त वेळ थांबलेली मुलं परीक्षांत आणि एकूणच वागण्यात पुढे दिसली. झालं! जगभर सांगितलं जाऊ लागलं की ज्या मुलाला मोह आवरतो ते यशस्वी होतं.

दुसरा भाग सेलेस्ट किड नावाच्या संशोधिकेचा आहे. किडबाईंनी पूर्वी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केलं होतं. तिथल्या मुलांकडे पाहून त्यांच्या मनात आलं, की ज्या मुलाच्या हातातली वस्तू कोणीही कधीही हिसकावून नेऊ शकतं, त्याने दुसऱ्या खाऊसाठी थांबावं तरी का? मग रॉचेस्टर विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ लहान मुलांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. खाऊ समोर ठेवण्याच्या आधी मुलांना चित्र काढायला बसवलं. समोर जुनेपाने, तुटके खडू. ताई म्हणाली, "थांब, मी छान नवे खडू घेऊन येते." निम्म्या मुलांना ताईने खरंच नवे खडू आणून दिले. निम्म्यांना येऊन सांगितलं, "अरेरे, नाहीत आपल्याकडे." मग चिकटवायच्या चित्रांच्या बाबतीतही तसंच. त्यानंतर ठेवला तो खाऊ.

ज्यांच्या बाबतीत शब्द पाळला गेला होता, ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांच्या बाबतीत मोडला होता, ती सरासरी तीन मिनिटं. एका गटातल्या चौदापैकी नऊ मुलांनी पूर्ण पंधरा मिनिटं काढली, तर दुसऱ्या गटातल्या चौदापैकी फक्त एकाने. मुलं सारख्याच वयाची, खाऊ तोच, खोली तीच. मध्ये फरक पडला तो एका मोठ्या माणसाच्या दोन छोट्या शब्दांचा!

पुढे २०१८ साली टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती घेऊन मिशेल यांचं म्हणणं पुन्हा तपासलं. थांबणं आणि पुढचं यश यांचा संबंध दिसला, पण आधी वाटला होता त्याच्या साधारण निम्माच. आणि आईचं शिक्षण, घरची स्थिती, घरातलं वातावरण हे हिशेबात धरलं तेव्हा तो आणखी बराच कमी झाला. म्हणजे त्या एका गोळीत मुलाच्या स्वभावाबरोबर त्याचं सगळं घर बसलेलं होतं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या वर्गातली कितीतरी पोट्टी आठवली.

एका शाळेतली गोष्ट सांगते. शाळेचं नाव कशाला घेऊ? तिथे एका वर्षी प्रार्थनेच्या वेळी जाहीर झालं की जो वर्षभर एकही खाडा करणार नाही त्याला स्नेहसंमेलनात बक्षीस मिळेल. त्या वर्षी मुलं अंगात कणकण असताना शाळेत आली. पावसात दप्तर डोक्यावर घेऊन आली. संमेलन आलं, पाहुण्यांना उशीर झाला, कार्यक्रम आटोपता घेतला आणि हजेरीची बक्षिसं "नंतर वर्गात देऊ" म्हणून राहिली. ती राहिली ती राहिलीच. पुढच्या वर्षी हीच घोषणा पुन्हा झाली, तेव्हा माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरून हलकेच हसण्याचा आवाज आला. त्या वर्षी हजेरीसाठी कोणी जिवाचा आटापिटा केला नाही. शिक्षकांच्या खोलीत मात्र चर्चा अशी, की आजकालच्या मुलांमध्ये पूर्वीची शिस्त राहिली नाही!

दुसरा एक मुलगा आठवतो. सातवीत होता. गणिताच्या सरांची तक्रार होती की हा कंपासपेटी आणत नाही. मी वर्गशिक्षिका म्हणून विचारलं, तर शांतपणे म्हणाला, "मॅडम, बाबा रोजच उद्या म्हणते." त्यात राग नव्हता, रडणं नव्हतं. हवामान सांगावं तसं त्याने सांगितलं. ह्याच मुलाबद्दल सगळे म्हणायचे की हा कुठलंच काम शेवटपर्यंत नेत नाही. आणि खरंच नेत नसे. चित्र अर्धं, निबंध अर्धा, वही अर्धी. 'उद्या' हा शब्द ज्याच्या घरात रोज फुकट जातो, त्याने उद्यासाठी काही राखून ठेवावं असं त्याला का वाटावं?

बाप वाईट होता का? मुळीच नाही. त्या काळात आमच्या शहरातल्या गिरण्यांची घरघर सुरू होती. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली, तिच्या आधी-नंतर हातमाग-यंत्रमागही थांबत गेले. महाल, इतवारी, गोळीबार चौकाकडच्या कितीतरी घरांतल्या माणसांना पगाराची तारीखच राहिली नाही. ज्याला स्वतःला कोणी पक्का शब्द देत नाही, तो मुलाला पक्का शब्द कुठून देणार? बाप उद्या म्हणायचा तेव्हा त्याच्या मनात उद्याच असायचं. म्हणून मला परिस्थितीवर मात करणाऱ्यांचं कौतुक वाचताना आनंद होतो तसा थोडा घोरही लागतो. ज्यांनी मात केली त्यांचा फोटो येतो. ज्यांना जमलं नाही त्यांच्याकडे जिद्द नव्हती, असा अर्थ आपोआप निघतो. तो अर्थ मला खोटा वाटतो.

तुम्ही म्हणाल, मॅडम, मग अत्यंत गरिबीतून वर आलेली माणसं कशी आली? दीक्षाभूमी ज्या शहरात आहे तिथे हा प्रश्न विचारायला दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही. बाबासाहेबांइतका अभ्यासाचा धीर कोणाच्या अंगी होता? तो धीर त्यांचा स्वतःचा होताच, त्याला तोड नाही. पण धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात त्यांच्या शाळेच्या वर्षांकडे जरा लक्ष देऊन पाहा. मुंबईत परळच्या चाळीतली एक खोली. रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोनच्या सुमाराला, सगळं शांत असताना, अभ्यासाला उठवत. मुलाला पुस्तक हवं झालं की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन पैसे उसने आणत. वेळ पडली तर लेकीचा दागिना घेऊन गहाण ठेवत, पण पुस्तक आणत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा याच गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली.

त्यांच्या वाट्याला शाळेत आणि समाजात जो अपमान आला तो आपण जाणतो. भोवतालचं सगळं जग शब्द मोडत होतं. पण घरात एक माणूस असा होता की जो पुस्तक म्हणाला तर पुस्तक येत होतं. मला वाटतं, मुलाला शंभर माणसं लागत नाहीत. एक पुरतो. पण तो एक तरी लागतोच.

तो एक शिकलेला असावा लागतो असंही नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिची आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, बाजूला दोरा. आईला अक्षर ओळखता येत नव्हतं, मोजता मात्र येत होतं. संध्याकाळी ती मुलीला समोर बसवायची. हिशेब ठरलेला. आईच्या विड्यांचे चार कट्टे व्हायचे, तोवर मुलीचं एक पान लिहून व्हायचं. पान झालं की आई ते हातात घेऊन वरपासून खालपर्यंत बघायची. वाचत नसे, बघायची. मग सूप बाजूला ठेवून मुलीशी दहा मिनिटं सागरगोटे खेळायची. हे मला त्या मुलीनेच सांगितलं. मी विचारलं, "आई कधी विसरते का गं?" ती म्हणाली, "नाही मॅडम, बुखार असला तरी खेळते. एकच डाव, पण खेळते." ती मुलगी वर्गात पहिली वगैरे कधी आली नाही. पण हातात घेतलेलं काम टाकून दिलेलं मी तिच्या बाबतीत पाहिलं नाही. पुढे नर्स झाली.

इथे मला सेवाग्रामची आठवण होते. नागपूरपासून ते जेमतेम ७५ किलोमीटर, आपल्या शेजारचंच म्हणायचं. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामला तिची शाळा चालवली. मध्ये बरीच वर्षं ती बंद होती, २००५ साली 'आनंद निकेतन' या नावाने पुन्हा सुरू झाली. तिथली मुलं वाफ्यात भाजी लावतात, सूत कातता कातता गणित शिकतात, स्वयंपाकघरात काम करतात.

हाताने काम शिकवण्यामागे स्वावलंबनाचा विचार होता हे सगळे सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मेथीचं बी पेरलं की चार-पाच दिवसांत कोंब येतो, महिन्याभरात भाजी हातात येते. पाणी घातलं नाही तर वाळते. माती मुलाला फसवत नाही. आज केलेल्या कामाचं उद्या काहीतरी होतं, हे तिथे त्याला डोळ्यांनी दिसतं. दहा वर्षांनी मिळणाऱ्या फळावर विश्वास ठेवण्याआधी महिन्याभराने मिळणारं फळ एकदा हातात यायला नको का? आपल्या शाळांच्या पटांगणात आता सिमेंटचे गट्टू बसवतात, ते स्वच्छ दिसतं खरं. पण एखादा कोपरा मातीचा ठेवायला काय हरकत आहे?

घर आणि शाळा यांच्या पलीकडेही मुलांना शब्द देणारं कोणीतरी असतं. ते म्हणजे आपण सगळे, आपलं सरकार, आपला समाज. अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी २०१२ साली फासेपारधी मुलांसाठी शाळा काढली. स्वतः त्याच समाजातले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, नोकरी सोडून हे काम हाती घेतलं. स्टेशनांवर, चौकांत भीक मागणारी मुलं त्यांनी गोळा केली. शाळेचं नाव ठेवलं 'प्रश्नचिन्ह'! ज्या समाजावर इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि कायदा गेल्यावरही लोकांच्या मनातून तो पुसला गेला नाही, त्या समाजातल्या मुलाला "थांब, शीक, पुढे चांगलं होईल" हे सांगणं किती अवघड असेल! तरी मुलं थांबली, शिकू लागली. मग नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग त्या जागेतून जायचा ठरला आणि २०१९ साली शाळेचं काही बांधकाम पाडलं गेलं. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता आता पूर्ण झाला आहे आणि आम्ही नागपूरकर त्याचं कौतुकही करतो. रस्ता हवाच. पण ज्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी शब्दावर विसंबून पुस्तक हातात धरलं होतं, त्यांनी आपल्या वर्गाच्या भिंती पडताना पाहून कोणता धडा घेतला असेल? पुढे त्यांच्यातलं कोणी शाळा सोडून गेलं, तर त्याला चिकाटी नव्हती असं म्हणायची आपली हिंमत होईल का?

इतकं मोठं उदाहरण सोडा. रोजचं पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर बिगर-शैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपू नये. हे अपवादच एवढे रुंद आहेत की शिक्षक वर्गाबाहेर आणि मुलं "बाई आज येणार का?" विचारत वर्गात, हे दृश्य नवं नाही. "उद्या गोष्ट पूर्ण करू" म्हणून गेलेल्या बाई आठ दिवस येत नाहीत. त्यात बाईंचा दोष नसतो. पण पहिलीतल्या मुलाला प्रशिक्षण आणि मतदार याद्या कळत नाहीत. त्याला एवढंच कळतं की गोष्ट अर्धी राहिली.

असो. तक्रारी पुष्कळ झाल्या. आपल्या हातात काय आहे ते पाहू.

मला विचाराल तर शिक्षकाने मुलांना सांगितलेल्या दिवशी वह्या तपासून परत कराव्यात. फार तर कमी वह्या घ्याव्यात, दहाच घ्याव्यात, पण सोमवारी म्हणजे सोमवारी. आमच्या वेळी एक जुने गुरुजी होते, ते कधीही "उद्या बक्षीस देईन" म्हणत नसत. खिशात खडूचे रंगीत तुकडे असत, काम झालं की तिथल्या तिथे देत. मुलं त्यांच्या तासाला जीव टाकायची. त्या खडूची किंमत पाच पैसेसुद्धा नसेल.

पालकांनी जमणार नाही ते कबूलच करू नये. "सायकल घेऊन देईन" म्हणण्यापेक्षा "या वर्षी नाही जमणार बेटा" हे खरं सांगितलेलं बरं. मूल रडेल, दोन दिवस रुसेल. पण तुमच्या 'हो' ला त्याच्या लेखी वजन राहील. आणि दिलेला शब्द मोडावाच लागला तर गुपचूप गिळून टाकू नये. "मी म्हणाले होते, जमलं नाही, या कारणाने जमलं नाही, या तारखेला करू" असं त्याला मोठ्या माणसासारखं सांगावं. आणि ती तारीख मात्र पाळावी. रोजची एक वेळ ठरवावी, अर्धा तास का होईना, त्या वेळी घरात कोणीतरी मुलाजवळ बसलेलं असावं. हातात मोबाईल नसावा, विड्यांचं सूप असलं तरी चालेल!

आणि ज्यांना हे जमण्यासारखी परिस्थिती नाही, त्या घरांतल्या मुलांसाठी शाळेने तो एक माणूस व्हावं. सगळ्यांसाठी होता येणार नाही. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर एका शिक्षकाला दोन-तीन मुलांपुरतं तरी जमतं. आम्हा निवृत्त मंडळींनाही जमतं. आमच्यापाशी आता वेळच तेवढा उरला आहे. गल्लीतल्या एखाद्या मुलाला "रविवारी दहाला ये, वाचू" म्हटलं आणि दर रविवारी दहाला आपण दार उघडलं, तर ते काम लहान नाही.

याचा अर्थ मुलाची काहीच जबाबदारी नाही असं मी म्हणत नाही. शब्द पाळणाऱ्या घरातही आळशी मुलं निघतात, मी पाहिली आहेत. त्यांना दोन शब्द सुनवायलाच हवेत. पण सुनवण्याआधी मोठ्याने स्वतःच्या मनाशी एकदा हिशेब करावा, की या मुलाला आपण आजवर जे जे 'उद्या' दिले, त्यांतले किती पोचते झाले?

आता विदर्भातल्या शाळा उघडतील. उन्हामुळे आपल्याकडे त्या बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, एवढाच काय तो आपल्याला जास्तीचा वेळ. नवी वह्या-पुस्तकं येतील, कव्हरं घालून होतील, आणि पहिल्या आठवड्यात घरोघरी मुलांना भरपूर आश्वासनं दिली जातील. या वर्षी त्यातलं एकच द्या, छोटंसं. एका कागदावर लिहून फ्रिजवर किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर चिकटवा, मुलाला दिसेल असं, आणि दिवाळीपर्यंत ते पाळा. मग पालकसभेत चिकाटीबद्दल बोलू.

बघा, पटतंय का.